मिस्त्री, गिऱ्हाईक आणि कच्चे बिल

मुंबईच्या रस्त्यांवर मोटार दिसू लागली ती १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे तिच्या पहिल्या काही मालकांपैकी एक. मोटार बोटीने आली, पण बिघडली तर दुरुस्त करणारा कारागीर काही तिच्याबरोबर उतरला नाही. सुरुवातीची वर्षे हे काम घोडागाड्या बांधणाऱ्या कारखान्यांतील लोहार-सुतारांच्या, गिरण्यांतील फिटरांच्या आणि रेल्वेच्या वर्कशॉपात हात बसलेल्या माणसांच्या वाट्याला आले. सुटा भाग हवा तर विलायतेला पत्र टाकायचे आणि बोटीची वाट पाहायची. त्यापेक्षा तुटलेला भाग भट्टीवर सांधणे किंवा लेथवर नवा घडवणे परवडे. भाग बदलण्याऐवजी तो चालता करून देण्याची ही सवय पुढे या धंद्याची ओळख बनली. त्याच्याबद्दलच्या निम्म्या तक्रारींचे मूळही तिथेच आहे.

निकृष्ट दुरुस्तीची तक्रार अशी वेगळी गोष्ट तेव्हा नव्हती. मोटार बाळगणारा ड्रायव्हरही बाळगत असे आणि किरकोळ दुरुस्ती ड्रायव्हरनेच करायची असे. काम फसले तर तो धनी आणि नोकर यांच्यातला मामला; पगार कापला जाई, फार तर नोकरी जाई. अनोळखी माणसाकडे गाडी सोपवून पैसे देऊन ती दुरुस्त करून घेणे हा व्यवहार रुळला तो मोटारींची संख्या वाढल्यावर. १९११ च्या सुमारास मुंबईत टॅक्सी आल्या, १५ जुलै १९२६ रोजी शहराची पहिली बस निघाली आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. टॅक्सीवाल्याची गाडी एक दिवस उभी राहिली तरी त्या दिवसाची कमाई बुडते. त्याला पदरी मिस्त्री ठेवणे परवडणारे नव्हते आणि कंपनीच्या एजंटाचा दरही झेपणारा नव्हता. गल्लीतल्या गॅरेजचे पहिले भरवशाचे गिऱ्हाईक तोच.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याला माणसेही दिली आणि मालही. युद्धकाळात पेट्रोल रेशनवर गेले, कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या आणि त्या चालत्या ठेवण्यासाठी मिस्त्रीला डोके चालवावे लागले. युद्ध संपल्यावर लष्कराच्या डिस्पोजलमधून जीप आणि ट्रक विक्रीला निघाले. लष्करी वर्कशॉपांत शिकून बाहेर पडलेले मेकॅनिक गावोगावी पसरले. तालुक्याच्या गावात एस.टी. स्टँडच्या आसपास जे पहिले गॅरेज उभे राहिले, त्याचा उस्ताद पुष्कळदा असा लष्करातून आलेला असे. त्याच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला पगार नसे. जेवण, चहा आणि शिव्या खाऊन तो पाच-सात वर्षांत मिस्त्री होई. १९५० पासून सरकारी आयटीआयमधून कारागीर-प्रशिक्षण सुरू झाले आणि मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रमही त्यात आला. मात्र गॅरेज उघडायला ते प्रमाणपत्र कधीच सक्तीचे झाले नाही. गाडी चालवायला परवाना लागतो, ब्रेक खोलायला लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ‘डीलर’च्या व्याख्येत दुरुस्ती करणाऱ्यालाही बसवले, पण ते नोंदणीच्या आणि कागदपत्रांच्या सोयीसाठी. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात कसब आहे की नाही, हे तपासण्याशी त्या व्याख्येचा संबंध नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९७१ मध्येच खास कायदा करून गॅरेजांची नोंदणी, लेखी अंदाजपत्रक आणि मागितल्यास जुने भाग परत देणे बंधनकारक केले. तसा कायदा महाराष्ट्रात झालेला नाही.

मग फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात होते काय? होता तो १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याच्या दृष्टीने दुरुस्तीसाठी ठेवलेली गाडी हा ‘निक्षेप’ होय, म्हणजे एका कामापुरती दुसऱ्याच्या ताब्यात दिलेली वस्तू. कलम १५१ सांगते की, शहाणा माणूस स्वतःच्या अशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी ती ताब्यात घेणाऱ्याने घ्यावी. गॅरेजच्या आवारात काच फुटली, टेपरेकॉर्डर गेला, पोराने ट्रायल मारताना गाडी खांबावर नेऊन आदळली, अशा प्रसंगी हे कलम उपयोगी पडते. खरी मेख आहे ती कलम १७० मध्ये. वस्तूवर मेहनत किंवा कौशल्य खर्च करणाऱ्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क हे कलम देते. कायद्यात दिलेली उदाहरणे त्या काळच्या बाजारातली आहेत. जवाहिऱ्याकडे कच्चा हिरा पैलू पाडायला दिला आणि त्याने ते काम केले, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा ठेवून घेऊ शकतो. शिंप्याने मात्र कोट शिवून झाल्याबरोबर देण्याचे आणि पैशासाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही.

हिऱ्याच्या जागी फियाट ठेवली की गॅरेजमधले सगळे भांडण समजते. काम वाईट झाले म्हणून गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार नाही आणि पैसे मिळाले नाहीत म्हणून मिस्त्री चावी द्यायला तयार नाही. कायद्याची भाषा नीट वाचली तर हा हक्क ठरल्याप्रमाणे केलेल्या कामापुरताच आहे. न केलेल्या किंवा न सांगता केलेल्या कामाच्या पैशासाठी गाडी अडवता येत नाही. मागच्या खेपेची उधारी राहिली म्हणून या खेपेची गाडी ठेवून घ्यायचीही सोय नाही, कारण जुन्या हिशेबापोटी वस्तू अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ ने बँका, अडते, धक्केवाले, वकील आणि विम्याचे दलाल अशा मोजक्याच लोकांना दिला आहे. अडवलेल्या गाडीचे ‘पार्किंग’ लावणे ही तर जुनीच खोड. इंग्लंडमध्ये जहाज दुरुस्त करणाऱ्या एका गोदीने असेच अडवून ठेवलेल्या जहाजाचे भाडे मागितले होते आणि १८६० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते नाकारले: वस्तू स्वतःच्या फायद्यासाठी अडवून ठेवायची, तर तिच्या जागेचे भाडे समोरच्याकडून मागता येत नाही. हे सगळे कायद्याच्या पुस्तकात. गॅरेजच्या दारात मात्र ज्याच्या ताब्यात गाडी त्याचाच शब्द वर राही. दोन-चारशे रुपयांसाठी लघुवाद न्यायालयात दावा लावायचा, तारखांना कामावर खाडे करायचे आणि तोवर गाडी तिथेच सडू द्यायची, एवढी चैन कोणाला परवडणार? शहाणी माणसे पैसे देऊन गाडी सोडवत आणि पुन्हा त्या गॅरेजची पायरी चढत नसत.

स्वातंत्र्यानंतरच्या धोरणाने या भांडणाला तीस वर्षे खतपाणी घातले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर फक्त जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना भारतात जागा उरली नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. उरल्या त्या देशात उत्पादन करायला तयार असलेल्या मोजक्या कंपन्या. त्यातली एक, वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्यात फियाट बनवू लागली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. नव्या गाड्यांच्या दर्जाबद्दलच एवढी ओरड झाली की, साठच्या दशकात केंद्र सरकारला त्याची चौकशी करायला खास समिती नेमावी लागली. नवी गाडीच धड नाही आणि जुनी मोडीत काढता येत नाही, अशा कोंडीत मिस्त्रीचे महत्त्व डॉक्टराइतके वाढले. वीस वर्षे वापरलेली फियाट तिसऱ्यांदा ‘इंजिन काम’ करून पळवायची हे मध्यमवर्गीय घरात अगदी सर्रास चाले, आणि टॅक्सीत तर चालेच चाले.

‘इंजिन काम’ म्हणजे काय, हे थोडे जवळून पाहिले तर तक्रार सिद्ध करणे का कठीण जाई ते कळते. सिलिंडरच्या भिंती झिजल्या की रिंगांच्या फटीतून तेल वर चढते, जळते आणि सायलेन्सरमधून निळा धूर निघतो. इंजिन खोलून ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवायचा. तो बोअर वाढवून देई आणि मिस्त्री त्यात वाढीव मापाचे पिस्टन आणि रिंगा टाकी. बोअर फारच वाढला असेल तर स्लीव्ह ठोकायची. क्रँक घासून घ्यायचा, बेअरिंगे बदलायची, व्हॉल्व्ह बसवून टॅपेट फीलर गेजने लावायचे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे लेथकाम नामांकित होते आणि लांबलांबून ब्लॉक तिथे येत. यातले प्रत्येक काम दुसऱ्या हातात. बोअर तिरका गेला की रिंग चुकीची बसली, बेअरिंग हलके निघाले की तेलाच्या वाटेत कचरा राहिला, हे इंजिन बंद झाल्यावर बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. शिवाय गाडी ताब्यात देताना मिस्त्री बजावून ठेवी की, पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवा, ताणू नका, घाट चढू नका. महिनाभराने धूर पुन्हा दिसला की त्याचे उत्तर तयार असे: तुम्ही रनिंग-इन नीट केले नाही. आरोप खोटा आहे हे सिद्ध करायला गिऱ्हाइकाकडे काही नसे आणि तो खराही असू शके.

सुट्या भागांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. टंचाईच्या काळात ‘ओरिजिनल’ भाग म्हणजे अर्धी अफवाच. बाजारात कंपनीचा, कंपनीला पुरवठा करणाऱ्याचा, दुसऱ्या कोणी बनवलेला पण बरा, आणि खोक्यावर हुबेहूब छाप मारलेला डुप्लिकेट, असे चार दर्जे एकाच काउंटरवर मिळत. त्यांखेरीज कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर आणि चोर बाजारात मोडीतल्या गाड्यांचे भाग मिळत, ते वेगळेच. मिस्त्रीने बिलात नवा भाग लावून आत जुनाच घासून-पुसून बसवला, किंवा गाडीतला चांगला भाग काढून तिथे दुसरा टाकला, असा संशय सार्वत्रिक होता. म्हणून गिऱ्हाइकांनी तीन तोडगे काढले. पहिला, काम चालू असताना स्टुलावर बसून राहायचे. रविवारची सकाळ गॅरेजात घालवणारे बँकेतले कारकून आणि शाळामास्तर हे दृश्य सत्तरच्या दशकात अगदी नेहमीचे. दुसरा, काढलेले जुने भाग परत मागायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुनी क्लचप्लेट डिकीत टाकून घरी न्यायची. काहीजण भागावर रंगाचा ठिपका देऊन ठेवत. तिसरा तोडगा सगळ्यांत लोकप्रिय: सामान आपणच आणायचे. मिस्त्री कागदाच्या चिठोऱ्यावर यादी लिहून देई आणि मालक ऑपेरा हाउसला, पुण्यात असला तर नाना पेठेत जाऊन खरेदी करी.

या तिसऱ्या तोडग्याने पैसे वाचले असतील, पण जबाबदारीचे तुकडे झाले. काम फसले की मिस्त्री म्हणे, पार्ट खराब होता, तुम्हीच आणला. दुकानदार म्हणे, पार्ट उत्तम होता, बसवणाऱ्याने बिघडवला. विजेच्या सामानाला गॅरंटी नाही, अशी पाटी काउंटरवर टांगलेलीच असे. दोघांच्या मध्ये गिऱ्हाईक. दुकानाचे बिल घेतलेले नसे, कारण बिल मागितले तर विक्रीकर वाढे. मिस्त्रीचा हिशेब सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर. कच्च्या बिलाची ही सोय दोघांनाही हवी असे हे मान्य करायला हवे. गिऱ्हाईक कर वाचवी आणि मिस्त्री पुरावा टाळी. एकाला ती स्वस्तात पडली आणि दुसऱ्याला फुकटात.

सरकारी वाहतूक संस्थांनी या भानगडीतून स्वतःपुरती वाट काढली होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या एस.टी.ने दुरुस्ती बाहेर दिलीच नाही. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरची हिंगणा अशा मध्यवर्ती कार्यशाळा, त्यांखाली विभागीय कार्यशाळा आणि आगारे असा तिने आपला पसारा उभा केला. कोणत्या गाडीला कोणता भाग कधी बसवला, किती किलोमीटरनंतर काढला, काम कोणी केले, याची नोंद ठेवायची पद्धत तिथे होती. काम वाईट झाले तर ते कोणाच्या सहीने झाले हे सापडे. खासगी मालकाच्या गॅरेजात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

बदलाची हवा मोटारीच्या बाहेरून आली. मुंबईत १९६६ मध्ये गृहिणींच्या पुढाकाराने कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली आणि पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली. त्यांचे पहिले विषय भेसळ, वजनमाप आणि सणासुदीची महागाई हे होते. गॅरेज त्यांच्या यादीत खालीच होते. तरी ‘गिऱ्हाईक’ या शब्दातला आर्जवी सूर जाऊन ‘ग्राहक’ म्हणून हक्काने बोलण्याची सवय मध्यमवर्गाला याच चळवळीने लावली. १९८४ मध्ये मक्तेदारीला आळा घालणाऱ्या एमआरटीपी कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांचे कलम आले आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्याने ‘सेवेतील त्रुटी’ ही कल्पना आणली, आणि दुरुस्ती ही सेवा आहे याबद्दल वाद नव्हता. एक लाख रुपयांपर्यंतची तक्रार जिल्हा ग्राहक मंचाकडे करता येई. सुरुवातीला शुल्क नव्हते आणि वकील लागत नव्हता. स्वतः चालवून पोट भरणाऱ्या टॅक्सीवाल्याची गाडी ‘व्यापारी हेतू’ची म्हणून तक्रारीबाहेर ठेवता येणार नाही, हेही पुढे १९९३ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या एका निकालाने पक्के झाले. गल्लीतल्या गॅरेजच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाला त्यामुळे दार उघडले.

दार उघडले, पण आत पुरावा लागतो. वस्तूत दोष असेल तर मंच ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो. दुरुस्तीत दोष आहे हे दाखवायचे कसे? पुन्हा खोललेल्या इंजिनाकडे पाहून दुसरा मेकॅनिक मत देऊ शकतो, पण पहिला म्हणणार की माझ्यानंतर याने हात लावला, मला काय विचारता. म्हणून वाद जिंकणारे तक्रारदार बहुतेक एकाच प्रकारचे असत: गाडी देतानाच्या तक्रारी लिहिलेले जॉब कार्ड, अंदाजपत्रक, पक्के बिल, दोष दिसल्याबरोबर पाठवलेले पोच-नोंदीचे पत्र आणि दुसऱ्या गॅरेजात गाडी खोलण्याआधी पहिल्याला दिलेली सूचना, एवढे ज्यांच्याकडे आहे ते. सेवेत त्रुटी होती हे सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही पुन्हा सांगितले. तीन महिन्यांत, आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात वर्षे जातात. कच्च्या बिलावर दोनशे रुपये वाचवलेल्या माणसाला या मंचाचा उपयोग नव्हताच.

कागद आला तो कायद्याने नव्हे, तर मारुतीने आणला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० मालकाच्या हाती पडली आणि तिच्याबरोबर अधिकृत सर्व्हिस स्टेशनांचे जाळे आले: ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग, छापील दरपत्रक, जॉब कार्ड, संगणकावरचे बिल. नव्वदच्या दशकात इतर कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. करखात्यालाही हा फरक चटकन कळला. जुलै २००१ मध्ये दुरुस्तीवर सेवाकर लागला तो फक्त अधिकृत सर्व्हिस स्टेशनांवर, कारण हिशेब सापडेल असे ठिकाण तेवढेच होते. मालक मात्र स्टुलावरून उठून काचेच्या आडच्या सोफ्यावर गेला. मेकॅनिकशी त्याचा संबंध तुटला. मध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आला, त्याला महिन्याचे टार्गेट आले. तक्रारीची जात त्यामुळे बदलली. पूर्वी रड होती ती काम नीट न केल्याची. आता तिच्या जोडीला नको ते काम केल्याची आली. दहा हजार किलोमीटर धावलेल्या गाडीला इंजिन डीकार्बनायझिंग, कोणी न मागितलेले अंडरबॉडी कोटिंग, दर खेपेला व्हील अलाइनमेंट. सगळे बिलात नीट छापलेले आणि खाली मालकाची सही. कागद आता दुसऱ्या बाजूचा साक्षीदार झाला होता.

जबाबदार कोण, हा जुना प्रश्न नव्या कपड्यांत परत आला. डीलर म्हणे, दोष कंपनीचा. कंपनी म्हणे, काम डीलरचे. क्लच वारंवार बिघडणाऱ्या एका गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल तर त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुन्या वर्षाची, काही शे किलोमीटर धावलेली गाडी नवी म्हणून विकली गेल्याच्या खटल्यात २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, कंपनी आणि डीलर हे स्वतंत्र व्यापारी म्हणून व्यवहार करत असल्याने डीलरच्या चुकीचा बोजा कंपनीवर टाकायचा तर कंपनीला ती ठाऊक होती हे दाखवावे लागेल, असा निर्णय दिला. हा खटला विक्रीचा होता, पण त्याचा अर्थ सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही लागू पडतो. मोठी पाटी पाहून गाडी दिलेल्या माणसाचे भांडण शेवटी पाटीखालच्या दुकानदाराशीच राहते.

याच सुमारास गल्लीतला मिस्त्री मागे पडत होता, तो हात कमी पडला म्हणून नव्हे. कार्ब्युरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. एप्रिल २०१० पासून मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत भारत स्टेज चारची आणि एप्रिल २०२० पासून देशभर सहाची मानके लागू झाली. कानाला लागलेल्या आवाजावरून दोष ओळखणाऱ्या उस्तादाला आता स्कॅनर हवा होता, आणि कंपनी तो बाहेर देत नव्हती. या कोंडीविरुद्ध एका ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात न देणे आणि बाहेर दुरुस्ती केली तर वॉरंटी रद्द होईल असे धमकावणे, हे ठपके त्यात होते. या निकालाला आव्हाने दिली गेली. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने अपिलात आलेल्या कंपन्यांवरचा ठपका कायम ठेवला, पण दंडाचा हिशेब फक्त सुट्या भागांच्या उलाढालीवर करायला सांगितला.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात गॅरेजच्या गिऱ्हाइकासाठी सर्वांत कामाची तरतूद फारशी चर्चेत नसते. सेवेचे बिल किंवा पावती न देणे हीच आता अनुचित व्यापारी प्रथा ठरली आहे. सदोष सेवा मागे घेऊन ठरल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसेल तर तीस दिवसांत, पैसे परत न करणे हीदेखील. म्हणजे पुरावा न देणाऱ्यालाच कायदा आता जाब विचारतो. तक्रार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे महामार्गावर बिघडलेल्या गाडीसाठी परजिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. मंचांचे आयोग झाले, मध्यस्थीची सोय आली. तरीही बहुतेक भांडणे तिथवर जात नाहीत. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर केलेली नोंद आणि वकिलाची नोटीस एवढ्यावर कंपनीचे सर्व्हिस सेंटर बिल कमी करते किंवा काम पुन्हा करून देते.

छोट्या गॅरेजांत कागदाची जागा व्हॉट्सॲपने घेतली आहे. इंजिन खोलले की मिस्त्री फोटो पाठवतो, झिजलेल्या ब्रेकपॅडच्या शेजारी नवे ठेवून दाखवतो, आकडा सांगतो आणि मालकाच्या ‘ओके’ची वाट पाहतो. जॉब कार्ड, अंदाजपत्रक आणि संमती या तिन्ही गोष्टी त्या संभाषणात येतात, आणि वाद झालाच तर तेच आयोगापुढे ठेवले जाते. अडचण आता दुसरीकडे आहे. अनेक नव्या गाड्यांत भाग नुसता बसवून चालत नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याची ओळख पटवावी लागते, नाहीतर डॅशबोर्डवरचा दिवा विझत नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारीही त्यात आहेत, आणि दुरुस्तीची माहिती व सुट्या भागांचे तपशील कंपन्यांनी तिथे द्यावेत अशी कल्पना आहे. सॉफ्टवेअरचे कुलूप बाहेरच्या मिस्त्रीसाठी उघडायला लावणारा कायदा मात्र अजून झालेला नाही. तोवर त्याने चोख बसवलेल्या भागाचाही दिवा लागलेलाच राहतो आणि गिऱ्हाईक काम वाईट झाले असे समजून अधिकृत सेंटरकडे जाते.